सिलाटचं चित्र बघताना आधी पाय बघा

दोन पुरुष एकमेकांना भिडलेले. कमरेला कापड गुंडाळलेलं, धड पिळलेलं, गुडघे वाकलेले. मागे ना घर, ना झाड, ना आभाळ. कोण जिंकणार ते चित्र सांगत नाही, आणि बराच वेळ बघत राहिलं तरी आपल्यालाही ठरवता येत नाही.

मलेशियाचे चित्रकार अम्रोन ओमर १९८० च्या सुमारापासून अशी चित्रं काढत आले आहेत. जन्म १९५७ चा, देशाच्या उत्तरेकडच्या केडा राज्यातल्या आलोर सेतारचा. शिक्षण मारा तंत्रनिकेतनात, ज्याला तिकडे आयटीएम म्हणत आणि जे आता विद्यापीठ झालं आहे. त्यांच्या या चित्रमालिकेचं नाव ‘पेर्तारुंगान’, म्हणजे झुंज. काही चित्रं कॅनव्हासवर तैलरंगात आहेत, काही कागदावर कोळशात. विषय एकच, मलय लोकांची पारंपरिक युद्धकला सिलाट.

आपल्यातल्या बहुतेकांनी सिलाट कधी पाहिलेलं नसतं. त्यामुळे असं चित्र समोर आलं की आपण ‘कराटेसारखं काहीतरी’ म्हणतो आणि पुढे जातो. त्यात चूक काही नाही, पण चित्रातली निम्मी मजा हातची जाते. म्हणून हे चित्र कसं वाचायचं ते जरा सविस्तर सांगतो.

सुरुवात पायांपासून करायची. नजर आधी हातांकडे जाते, कारण मारणारे हातच असतात असं आपल्याला वाटतं. हातात केरिस असेल, म्हणजे ती नागमोडी पात्याची कट्यार, तर नजर तिथून हलतच नाही. पण सिलाटमध्ये उस्ताद, ज्यांना तिकडेही गुरूच म्हणतात, नवख्या पोराला पहिल्यांदा हात चालवायला शिकवत नाहीत. उभं राहायला शिकवतात. गुडघे वाकवून, अंगाचा भार खाली नेऊन घेतलेल्या या पवित्र्याला कुडा-कुडा म्हणतात. त्यानंतर येते लांगकाह, म्हणजे पावलांची चाल. जमिनीवर जणू त्रिकोण आखला आहे आणि त्याच्या टोकांवरच पावलं पडली पाहिजेत, अशी एक मूळची चाल आहे. तिला तीन पावलांची लांगकाह म्हणतात. समोरून वार आला तर मागे पळायचं नाही. तिरपं पाऊल टाकून त्याच्या रेषेतून बाहेर पडायचं, आणि ते करताना शत्रूच्या जवळच जायचं. सुमात्रातल्या मिनांगकाबाऊ लोकांच्या वाघाच्या डावात तर माणूस जवळजवळ जमिनीला टेकतो. चिखलाच्या, निसरड्या जमिनीवर उंच उभा राहणारा आधी पडतो, असं त्याचं कारण सांगितलं जातं.

हे लक्षात घेऊन चित्राकडे परत बघा. कुणाचा भार कोणत्या पायावर आहे? कुठली टाच उचललेली आहे? कुणाचं पाऊल दुसऱ्याच्या दोन पायांमध्ये शिरलंय? हात वर असलेला माणूस कदाचित हरत असेल, कारण त्याचा भार मागच्या पायावर गेलाय आणि त्याला आता फक्त मागेच जाता येईल. दबलेला वाटणारा माणूस कदाचित उसळी घ्यायच्या बेतात असेल. सिलाट येणारा प्रेक्षक हे सगळं क्षणात वाचतो. आपल्याला वेळ लागतो, पण वाचता येतं.

स्थिर चित्रात हालचाल कशी आणायची हा चित्रकारांचा जुना प्रश्न आहे. धावणाऱ्या घोड्यामागे रेघा मारणं हा व्यंगचित्रातला उपाय. अम्रोनसारखा चित्रकार दुसरा मार्ग घेतो. तो असा क्षण निवडतो जो टिकूच शकत नाही. भार एका पायावर, धड एकीकडे वळलेलं, मान दुसरीकडे, आणि या अवस्थेत कुणीही माणूस डोळे मिटायला लागतो तेवढ्या वेळापलीकडे उभा राहू शकत नाही. बघणाऱ्याच्या शरीराला हे आपोआप कळतं आणि तो मनातल्या मनात पुढची हालचाल पूर्ण करतो. त्याला जोड म्हणून तिरप्या रेषा. उभी रेषा शांत असते, आडवी झोपलेली असते, तिरपी पडायला आलेली असते. झुंजीच्या चित्रात हात, मांड्या आणि कापडाच्या चुण्या अशाच तिरप्या धावतात. कमरेच्या कापडाच्या चुण्या विशेष बघण्यासारख्या असतात. शरीर आत्ता कुठे आहे ते शरीर सांगतं. ते मघाशी कुठे होतं ते कापड सांगतं, कारण कापड नेहमी एक क्षण मागे असतं.

मागचा रिकामा रंगही कामाचा आहे. झाडं, घरं, ताडाची बनं आली असती तर चित्राला एक गाव मिळालं असतं, एक वेळ मिळाली असती. मग ते चित्र एखाद्या घटनेचं झालं असतं. सपाट पार्श्वभूमीवर नजरेला जायला दुसरी जागाच उरत नाही. ती या दोघांमध्येच फिरत राहते.

आता सिलाटची ती गोष्ट, जी माझ्या मते या चित्रांच्या गाभ्याशी आहे. मलय लोक सिलाटचे दोन भाग मानतात. एक बुंगा, म्हणजे फूल. दुसरा बुआह, म्हणजे फळ. फूल म्हणजे डौलदार, वळणदार, नाचासारख्या हालचाली. फळ म्हणजे प्रत्यक्ष डाव, जो हाड मोडतो. केडा, केलांतान या उत्तरेकडच्या राज्यांत लग्नात नवरानवरीसमोर सिलाट खेळतात. मलय रिवाजात नवरानवरी म्हणजे एका दिवसाचे राजाराणी, आणि राजापुढे योद्ध्यांनी आपली कला दाखवायची असते. सोबत वाजंत्री असते: दोन ढोल, एक घंटा आणि सेरुनाई, म्हणजे आपल्या सनईच्या कुळातलं वाद्य. ताल आधी संथ असतो. दोघे खेळाडू वाकून वंदन करतात, एकमेकांभोवती फिरतात, हात फुलासारखे उमलतात आणि मिटतात. मग ढोल चढत जातो, अंतर कमी होतं आणि एका क्षणी फुलाचं फळ होतं. बघणाऱ्या पाहुण्याला कळायच्या आत एकजण खाली आलेला असतो.

कोल्हापूरचे मर्दानी खेळ ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे परकं वाटणार नाही. मिरवणुकीत दांडपट्टा फिरवणारा मुलगा शोभेसाठी फिरवतो, पण त्याच फिरवण्यात लढाईतला हात लपलेला असतो, आणि वस्तादाला तो दिसतो.

पण सिलाटमध्ये या दोन भागांवरून भांडणं आहेत. नुसती फुलं शिकवणाऱ्या आखाड्यांना ‘नाचे’ म्हणून हिणवलं जातं. उलट केडाशी नातं सांगणाऱ्या सिलाट चेकाकसारख्या पद्धतीने फुलं जवळपास टाकूनच दिली. उगाच हात फिरवायचे नाहीत, उभं राहायचं आणि वार आला की पकडायचा. याच्या उलट टोकाला पर्यटकांसाठीचे कार्यक्रम आहेत, तिथे फळ कुठे सापडत नाही.

चित्रकाराची अडचण इथेच होते. फक्त फूल काढलं तर चित्र नाचाचं होतं, छान आणि निरुपद्रवी. फक्त फळ काढलं तर मारामारीचं होतं, मग ते कुठल्याही देशातल्या मारामारीचं असू शकतं. ‘पेर्तारुंगान’मधली चांगली चित्रं नेमकी सांध्यावर उभी आहेत. बोटांची ठेवण अजून डौलदार आहे, पण मांडीचे स्नायू ताणलेले आहेत आणि ते खोटं बोलत नाहीत. मला या मालिकेतलं सगळ्यात मोठं काम हेच वाटतं. रंगांचं कौतुक बरेच जण करतात, पण रंग चांगले असणारे चित्रकार पुष्कळ आहेत.

कपड्यांबद्दल थोडं. सिलाट खेळणारे सहसा काळे कपडे घालतात, सैल सदरा आणि सैल पायजमा, कमरेला बेंगकुंग नावाचा कापडी पट्टा. समारंभात यावर साम्पिंग येतं, म्हणजे कमरेपासून गुडघ्यापर्यंत गुंडाळायचं कापड. ते सोंगकेटचं असेल तर त्यात जरीच्या धाग्यांची वीण असते. डोक्याला तेंगकोलोक, घड्या घालून बांधलेलं मुंडासं. त्याच्या बांधणीचे अनेक प्रकार आहेत, आणि कुणी कोणती बांधणी बांधायची याचे दरबारी संकेत आहेत. पिवळा हा राजघराण्याचा रंग. त्यामुळे मलय चित्रात पिवळं दिसलं की थांबायचं, तो रंग सहज आलेला नसतो.

केरिसचं पातं नागमोडी असतं हे सगळ्यांना माहीत असतं, पण सरळ पात्याचेही केरिस असतात. नागमोडी पात्यातल्या वळणांची संख्या नेहमी विषम मोजली जाते. पातं मुठीजवळ एका बाजूला रुंद होतं आणि मूठ पात्याशी कोन करून असते, म्हणून ते तलवारीसारखं फिरवून कापायचं हत्यार नाही, खुपसायचं आहे. लोखंडाचे वेगवेगळे थर ठोकून पात्यावर जी नक्षी उमटते तिला पामोर म्हणतात. ती नक्षी उठून दिसावी म्हणून पातं लिंबाच्या रसाने आणि सोमलाने धुवायची रीत आहे. केलांतान आणि त्याला लागून असलेल्या दक्षिण थायलंडमधल्या पट्टाणी भागात मूठ खंड्या पक्ष्याच्या डोक्यासारखी, लांब चोचीची कोरलेली असते. एखाद्या चित्रात केरिस तलवारीसारखा डोक्यावरून फिरवलेला दिसला, तर चित्रकाराने हत्यार जवळून पाहिलेलं नाही असं बेलाशक समजावं. आणि अशी चित्रं भरपूर आहेत. हॉटेलांच्या दर्शनी दालनात, मागे सूर्यास्त, ताडाची झाडं आणि पुढे केरिस उगारलेला वीर. ती सजावट म्हणून ठीक आहेत.

या चित्रांना त्यांचं वजन कुठून येतं ते कळायला १९८० च्या आधीची दहा-अकरा वर्षं बघावी लागतात. १३ मे १९६९ ला, निवडणुकीनंतर, क्वालालंपूरमध्ये मलय आणि चिनी लोकांत दंगल उसळली. सरकारी आकडा १९६ मृतांचा. देशात आणीबाणी आली. १९७१ मध्ये नवं आर्थिक धोरण आलं, ज्यात मलय आणि इतर मूळच्या रहिवाशांना शिक्षणात आणि उद्योगात वर आणायचं ठरलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मलाया विद्यापीठात राष्ट्रीय संस्कृती परिषद भरली. तिथे तीन सूत्रं मांडली गेली. देशाची संस्कृती या प्रदेशातल्या मूळ रहिवाशांच्या संस्कृतीवर उभी राहील. इतरांच्या संस्कृतीतलं योग्य ते त्यात घेतलं जाईल. आणि इस्लाम हा तिचा महत्त्वाचा घटक असेल. चिनी आणि भारतीय वंशाच्या मलेशियनांना यात आपली जागा कुठे, हा प्रश्न तेव्हापासून आजपर्यंत धुमसतो आहे, आणि तो रास्त आहे.

आयटीएमची चित्रकला शाळा १९६७ ची. ती या सगळ्याच्या मधोमध वाढली. तिथे शिकवणारे बरेच जण इंग्लंड-अमेरिकेत शिकून आलेले, अमूर्त चित्रकलेत मुरलेले. त्यांच्यापुढे आता एक नवाच सवाल आला: आपल्या मातीतलं आधुनिक चित्र कसं असेल? १९७९ मध्ये सय्यद अहमद जमाल या मोठ्या चित्रकाराने मलाया विद्यापीठात ‘रुपा दान जिवा’ हे प्रदर्शन मांडलं. नावातले पहिले आणि शेवटचे शब्द आपल्याला सांगावे लागत नाहीत; मधलं ‘दान’ म्हणजे ‘आणि’. त्यात लाकडावरचं कोरीवकाम, विणकाम, हत्यारं, होड्या असं मलय कारागिरीचं भांडार होतं.

आता गंमत अशी की या भांडारात माणसाचं शरीर फारसं नाहीच. मलय कोरीवकामात वेली आहेत, पानं आहेत, कळ्या आहेत, अक्षरं आहेत. माणूस सापडतो तो मुख्यतः केलांतानच्या सावल्यांच्या खेळातल्या चामडी बाहुल्यांत, जिथे रामायणाची गोष्ट चालते. निक झैनल आबिदिन या चित्रकाराने त्याच बाहुल्या कॅनव्हासवर आणल्या होत्या. त्यात १९७९ च्या इराणी क्रांतीनंतर मलेशियातही इस्लामी पुनरुज्जीवनाची लाट आली, आणि मलय कलाकारांत माणसाची आकृती काढावी की नाही ही चर्चा गंभीरपणे सुरू झाली. ऐंशीच्या दशकात अनेकांनी नक्षी, भूमिती आणि अक्षरं यांची वाट धरली. त्यातून चांगलं कामही झालं.

अम्रोन ओमर यांनी नेमकी उलट वाट धरली. विषय अस्सल मलय, पण मांडणी हाडामांसाच्या माणसाची, उघड्या दंडाची, घामाची. माध्यम तैलरंग, जे वसाहतवाल्यांच्या जहाजातून आलं. त्यांच्या आधी हुसेन एनास यांनी मलय माणसांची व्यक्तिचित्रं काढली होती आणि १९५६ मध्ये अंगकातान पेलुकिस सेमेनांजुंग हा चित्रकारांचा गट उभा केला होता. पण त्या चित्रांतली माणसं बसलेली, नटलेली, बघणाऱ्याकडे पाहणारी होती. ‘पेर्तारुंगान’मधल्या माणसांना आपण बघतोय याची पर्वा नाही. परंपरेचं चित्र काढायला परंपरेत नसलेली रीत वापरावी लागली, आणि ते करणारा तेव्हा पंचविशीच्या आतला होता.

कुणी म्हणेल की सरकारला हवी होती तशीच ही मलय वीरांची चित्रं. मला तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण मलय साहित्यातल्या सगळ्यात प्रसिद्ध झुंजीत आहे. ती माहीत असल्याशिवाय मलेशियातला माणूस हे चित्र बघूच शकत नाही.

पंधराव्या शतकातलं मेलाका. सामुद्रधुनीवरचं श्रीमंत बंदर, जिथे गुजराती, तमिळ, अरब, चिनी व्यापारी उतरत. १५१० मध्ये गोवा जिंकणाऱ्या अफोंसो द अल्बुकर्कनेच १५११ मध्ये ते घेतलं आणि तिथली सुलतानशाही संपली. त्या मेलाकाचा वीर म्हणजे हांग तुआ. ‘हिकायत हांग तुआ’ या जुन्या मलय ग्रंथात त्याच्या कथा आहेत; त्यात तो सुलतानाचा वकील म्हणून विजयनगरच्या दरबारापर्यंत जाऊन येतो. त्याचा जिवलग सोबती हांग जेबात.

दरबारातले मत्सरी लोक तुआवर खोटा आळ घेतात. सुलतान चौकशी न करता त्याला मारायचा हुकूम देतो. प्रधान हुशार, तो तुआला मारत नाही, लपवून ठेवतो. इकडे सुलतान तुआची जागा आणि त्याचा तामिंग सारी हा प्रसिद्ध केरिस जेबातला देतो. हा केरिस ज्याच्याकडे असेल त्याला जखम होत नाही अशी ख्याती. मित्र अन्यायाने मेला असं समजून जेबात बंड करतो, राजवाडाच ताब्यात घेतो. सुलतानाला पळून जावं लागतं. त्याच्यापुढे उभा राहील असा माणूस राज्यात उरत नाही. मग सुलतान हळहळतो की तुआ असता तर. प्रधान सांगतो, आहे. तुआ येतो, ज्या राजाने आपल्याला मारायला सांगितलं त्याच्या वतीने, ज्या मित्राने आपल्यासाठी बंड केलं त्याच्याशी लढायला. तामिंग सारी तो युक्तीने परत मिळवतो, आणि जेबात त्याच्या हातून मरतो.

पिढ्यान्‌पिढ्या मलय मुलांना शिकवलं गेलं की तुआ थोर, कारण राजनिष्ठा सगळ्यात मोठी. विसाव्या शतकाच्या मध्याला, स्वातंत्र्याच्या आसपास, लेखक आणि अभ्यासकांनी गोष्ट उलटी वाचायला सुरुवात केली. कासिम अहमद यांनी जेबातला खरा नायक ठरवलं. अन्यायी राजापुढे मान न तुकवणारा. १९५६ मध्ये तुआची कथा रंगीत चित्रपटात आली. त्यात तुआ झाले होते पी. रामली, आणि दिग्दर्शक होते मुंबईच्या सिनेसृष्टीतून सिंगापूरला गेलेले फणी मुजुमदार. मूळ ग्रंथात मात्र जेबातही निष्कलंक नाही. जखमी झाल्यावर तो शहरात शिरून निरपराध माणसं कापत सुटतो. त्याला क्रांतिकारक करणारे हा भाग पटकन उरकतात. शिवाय ‘सेजारा मेलायू’ या दुसऱ्या जुन्या ग्रंथात तुआशी लढणारा जेबात नाहीच, हांग कस्तुरी आहे. म्हणजे झुंज पक्की, पण समोरचा माणूस बदलतो.

आता ती दोन माणसं परत बघा. अम्रोनच्या झुंजीत एक चांगला आणि एक वाईट असा भेद सहसा नसतो. दोघांचे कपडे सारखे, दोघांची अंगकाठी सारखी. कोण निष्ठावान, कोण बंडखोर हे लिहिलेलं नाही. पुष्कळ समीक्षक यातून पुढे जाऊन म्हणतात की ही झुंज माणसाची स्वतःशीच आहे; सिलाटच्या आखाड्यातही रागावर ताबा हीच खरी परीक्षा मानतात, आणि शिक्षण संपताना लिंबाच्या पाण्याने स्नानाचा जो विधी अनेक पद्धतींत असतो तो अंग आणि मन दोन्ही धुण्यासाठी असतो. हा अर्थ मला पटतो, पण अर्धाच. सगळं आतल्या झुंजीवर ढकललं की तुआ-जेबातचा जो बोचरा प्रश्न आहे, हुकूम चुकीचा असेल तर काय करायचं, तो सोयीने विरघळतो. १९६९ नंतरच्या देशात तो प्रश्न पुस्तकी नव्हता. सरकारला शोभेचा वीर हवा असेल तर त्याला समोर शत्रू लागतो. इथे दोघेही घरचेच आहेत.

सिलाटचं पुढे काय झालं तेही थोडक्यात. इंडोनेशिया, मलेशिया, सिंगापूर आणि ब्रुनेई यांनी मिळून १९८० मध्ये आंतरराष्ट्रीय संघटना काढली, आणि खेळाला पेंचाक सिलाट हे नाव रूढ झालं. नियम आले, छातीला चिलखती गादी आली, ठोशाला एक गुण, लाथेला दोन, पाडलं तर तीन. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत यजमान इंडोनेशियाने सोळापैकी चौदा सुवर्णपदकं नेली. २०२३ मध्ये गोव्यात झालेल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांतही हा खेळ होता, त्यामुळे आपल्याकडच्या काही मुलामुलींना हे पवित्रे आता पुस्तकातून शिकावे लागत नाहीत. २०१९ च्या डिसेंबरमध्ये युनेस्कोने मलेशियाचं सिलाट आणि इंडोनेशियाचं पेंचाक सिलाट, दोन्ही एकाच बैठकीत वारसा यादीत घेतली. शेजाऱ्यांत ‘हे मूळ आमचं’ हा वाद असतोच. युनेस्कोने तो सोडवला नाही, दोघांनाही पाट मांडला.

खेळात गुणांची गणती आल्यावर फुलं मागे पडतील अशी भीती होती. म्हणून स्पर्धांत एकट्याने, जोडीने आणि तिघांनी सादर करायचे कलात्मक प्रकार वेगळे ठेवले आहेत. जोडीच्या प्रकारात हत्यारांसह ठरवलेली लढत असते. तिचे व्हिडिओ सहज मिळतात. अम्रोनची चित्रं बघण्याआधी त्यातला एखादा हळू वेगाने लावून, मधेच थांबवून बघावा. बहुतेक ठिकाणी थांबलेलं दृश्य विनोदी दिसतं, हात कुठेतरी, तोंड वेडंवाकडं. क्वचित एखाद्या क्षणाला ते चित्र होतं. चित्रकार कशाच्या मागे होता ते तेव्हा समजतं, आणि फोटो बघून नुसतं उतरवून काढल्याने हे का साधत नाही तेही.

झुंजींच्या जोडीने अम्रोन यांनी स्वतःची चित्रंही काढली आहेत. त्यातलं एक पिवळ्या बाजू मेलायूतलं, म्हणजे मलय पद्धतीच्या लांब बाह्यांच्या सदऱ्यातलं. पिवळ्याबद्दल वर लिहिलं आहेच. केडाच्या एका साध्या माणसाने तो रंग अंगावर घालून स्वतःला रंगवणं हा दिमाख आहे की डिवचणं, यावर दोन मतं होऊ शकतात. मला त्यात थोडा जेबात दिसतो.

क्वालालंपूरला जाणारे मराठी प्रवासी पेट्रोनासचे मनोरे आणि बाटू गुहा करून परत येतात. बालाई सेनी नेगारा, म्हणजे तिथलं राष्ट्रीय कलादालन, १९५८ पासून आहे आणि १९९८ पासून जालान तुन रझाकच्या भागातल्या स्वतःच्या इमारतीत आहे. ‘पेर्तारुंगान’मधलं चित्र त्यांच्या संग्रहात आहे. संग्रह मोठा, भिंती कमी, त्यामुळे तुम्ही जाल तेव्हा तेच चित्र टांगलेलं असेल असं नाही. आधी चौकशी करून जावं. आणि कोळशातलं एखादं काम कुठे लागलेलं असेल तर तैलचित्राच्या आधी ते बघावं. कोळशात रंगाचा आधार नसतो, म्हणून तिथे भार कुठल्या पायावर आहे ते जास्त स्पष्ट दिसतं.